रेंज विश्लेषणातल्या कडेच्या केसेस: वाचकांचे प्रश्न

कंपायलरला प्रोग्रॅम चालवून बघता येत नाही. तरी प्रत्येक ओळीपाशी ‘या व्हेरिएबलची किंमत कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती’ हा हिशेब तो मांडू शकतो. हेच रेंज विश्लेषण. हिशेब पक्का असला की ॲरेची अनावश्यक तपासणी काढता येते, कधीच न चालणारी ब्रँच छाटता येते. या विषयावर आलेल्या पत्रांत तक्रार साधारण एकच आहे: मूळ नियम दहा ओळींत लिहून होतो, मग शून्य, सर्वांत लहान ऋण संख्या, रिकामी रेंज अशा पाहुण्यांपायी पन्नास ओळी वाढतात. वेगळं सांगितलं नसेल तिथे ८ बिटांची साइन्ड (ऋणही असू शकणारी) संख्या धरली आहे, म्हणजे −१२८ ते १२७. रेंजच्या दोन्ही कडा रेंजमध्येच मोजल्या आहेत.

प्रश्न: भागाकाराची रेंज काढताना मी भाज्याच्या दोन कडांना भाजकाच्या दोन कडांनी भागतो आणि चार उत्तरांतलं किमान-कमाल घेतो. भाजकात शून्य असेल तर सरळ पूर्ण रेंज देतो. एवढं पुरतं का? (नाशिक)

उत्तर: पुरत नाही. गंमत म्हणजे शून्यापाशी तुमची चूक नाही, तिथे तुम्ही फक्त हातची माहिती टाकून देता. खरी चूक दुसऱ्या टोकाला आहे.

आधी शून्य. भाज्य [४०, ६०] आणि भाजक [−४, ६] घ्या. नुसते चार कोपरे भागले तर −१०, −१५, ६ आणि १० मिळतात, म्हणजे [−१५, १०]. पण भाजक १ असेल तर उत्तर ६० येऊ शकतं, आणि ते या रेंजमध्ये नाही. भागाकार शून्याच्या एका बाजूला सरळ चढतो किंवा उतरतो. शून्य ओलांडताना मात्र तो उडी मारतो, त्यामुळे कोपऱ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून भाजकाचे दोन तुकडे करा: [−४, −१] आणि [१, ६]. पहिल्याचं उत्तर [−६०, −१०], दुसऱ्याचं [६, ६०], दोघांचा संयोग [−६०, ६०]. जीसीसी (सी भाषेचा कंपायलर) हीही असंच दोन भागांत भागते. तुमच्या रचनेत एका रेंजचे अनेक तुकडे साठवायची सोय असेल तर −९ ते ५ ही मधली फटही टिकते.

भाजक फक्त [०, ०] असेल तर दोन्ही तुकडे रिकामे निघतात आणि उत्तरही रिकामं. त्याचा अर्थ ‘या ओळीच्या पुढे कुणी पोचत नाही’. सीमध्ये शून्याने भागणं हे अव्याख्यायित वर्तन आहे (काय घडेल हे भाषा ठरवतच नाही), जावात एक्सेप्शन उडतं, दोन्हीकडे हे उत्तर चालतं. पण लिनक्स कर्नलमधल्या ईबीपीएफमध्ये (कर्नलच्या आत छोटे प्रोग्रॅम तपासून चालवणारी सोय) शून्याने भागल्यास उत्तर शून्य येतं असं ठरलेलं आहे. तिथे भाजकात शून्य असेल तर उत्तरात ० घालावंच लागतं. भाषेचा नियम न वाचता दुसऱ्या कंपायलरमधून हा भाग उचलणारे इथेच अडकतात.

आता खरी चूक. भाज्य [−१२८, −१००], भाजक [−३, −१]. शून्य कुठेच नाही, म्हणून तुमचा कोड बिनधास्त चार कोपरे भागेल: ४२, ३३, १०० आणि −१२८ भागिले −१. या शेवटच्याचं गणिती उत्तर १२८, ते ८ बिटांत मावत नाही, फिरून −१२८ होतं. तुमची रेंज आली [−१२८, १००]. दिसायला भरपूर मोठी. पण −१२० भागिले −१ म्हणजे १२०, ते हिच्यात नाही. १०१ ते १२७ ही सगळी उत्तरं गळली. रेंज मोठी दिसते म्हणून सुरक्षित असेल असं धरून चालायचं नाही.

यावर उपाय म्हणजे ती एकच जोडी बाजूला काढून हिशेब दोनदा करणं. पहिल्यांदा भाजकातून −१ काढा: [−१२८, −१००] भागिले [−३, −२] म्हणजे [३३, ६४]. दुसऱ्यांदा भाज्यातून −१२८ काढा: [−१२७, −१००] भागिले [−३, −१] म्हणजे [३३, १२७]. संयोग [३३, १२७]. सीसाठी इथे थांबा, कारण ती जोडी अव्याख्यायितच आहे. जावात मात्र सर्वांत लहान इंटिजर भागिले −१ चं उत्तर तोच इंटिजर असतं, म्हणून −१२८ उत्तरात घालायचा.

दोन्ही फेऱ्यांत तुकडा रिकामा होऊ शकतो हे विसरू नका. भाज्य नेमका [−१२८, −१२८] असेल तर दुसऱ्या फेरीत भाज्यच उरत नाही. रिकाम्या रेंजच्या कडा काढायला गेलात तर कचरा हाती येतो.

ही जोडी फक्त कागदावरची नाही. एक्स८६ वर सर्वांत लहान इंटिजरला −१ ने भागणाऱ्या सूचनेने प्रोसेसर ट्रॅप देतो, आणि लिनक्सवर प्रोग्रॅम ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’ म्हणत मरतो, फ्लोटचा कुठे संबंध नसताना. बाकी काढण्याचंही तेच, कारण तीच सूचना वापरली जाते. एआरएमच्या ६४ बिटी प्रोसेसरवर मात्र काहीच होत नाही, फिरलेलं उत्तर मुकाट मिळतं. म्हणून कंपायलर स्वतः स्थिर संख्यांचा भागाकार करतो तेव्हाही ही जोडी आधी तपासावी, नाहीतर यूजरच्या प्रोग्रॅमऐवजी कंपायलरच कोसळतो.

प्रश्न: मी रेंज ‘खालची कड आत, वरची कड बाहेर’ अशी साठवतो आणि वर्तुळासारखी फिरू देतो. दोन्ही कडा सारख्या आल्या तर ती रिकामी समजायची की पूर्ण? (ठाणे)

उत्तर: ठरवाल तसं, पण एकदाच ठरवा आणि एकाच ठिकाणी लिहा. ८ बिटांत रेंजचा आकार ० ते २५६, म्हणजे २५७ शक्यता. कडांची वजाबाकी मात्र २५६ च प्रकारची होऊ शकते. एक शक्यता उरतेच, ती संकेतानेच भागवावी लागते. एलएलव्हीएमचा (कंपायलर बांधायची एक चौकट) संकेत असा: दोन्ही कडा कमाल अनसाइन्ड (ऋण नसलेल्या) किंमतीवर (इथे २५५) असतील तर पूर्ण, दोन्ही ० वर असतील तर रिकामी. बाकी कुठेही सारख्या कडा निषिद्ध, तिथे असर्ट (अट मोडली की प्रोग्रॅम थांबवणारी तपासणी) लावलेला असतो. तुम्हीही लावा. आकार मोजणारं फंक्शन ९ बिटांचं उत्तर देईल असं बघा, नाहीतर पूर्ण रेंजचा आकार शून्य येतो.

या रचनेचा फायदा वरच्याच उदाहरणात दिसतो. जावासाठी उत्तरात ३३ ते १२७ आणि −१२८ होते. साध्या किमान-कमाल रचनेत हे थेट [−१२८, १२७] होतं, सगळं गेलं. वर्तुळात १२७ च्या शेजारी −१२८ च बसतो, त्यामुळे ३३ पासून −१२७ च्या अलीकडपर्यंत अशी ९६ किमतींची नेमकी रेंज मिळते.

तोटा छेद घेताना कळतो. अनसाइन्ड घ्या: एक रेंज २०० पासून फिरून ५० पर्यंत, दुसरी ३० ते २२०. छेद दोन तुकड्यांत येतो, ३० ते ५० आणि २०० ते २२०. एक रेंज साठवायची तर दोन्ही तुकडे पोटात घेणारी निवडा: पहिलीत १०७ किमती आहेत, दुसरीत १९१. लहान म्हणून पहिली बरी. पण पुढची तुलना साधी अनसाइन्ड असेल तर न फिरणारी दुसरीच उपयोगी पडते. म्हणूनच एलएलव्हीएममध्ये छेद घेताना ‘सर्वांत लहान, अनसाइन्ड की साइन्ड’ अशी पसंती सांगता येते. दोन तुकड्यांपैकी एकच ठेवणं मात्र कधीही चूक.

प्रश्न: क्षची रेंज काहीही असो, ‘क्ष अँड १५’ ला [०, १५] देऊ ना? (मडगाव)

उत्तर: द्या. क्ष ऋण असला तरी चालतं, मास्क (इथे १५) धन आहे एवढं पुरतं. क्ष आधीच [३, ९] मध्ये असेल तर [३, ९] च ठेवा. मास्क ऋण असेल, समजा −८, तर हा नियम लागू नाही.

प्रश्न: ‘क्ष < य’ खरी ठरलेल्या ब्रँचमध्ये क्षची रेंज कशी कापायची? य स्थिर संख्या नाही, तिचीही रेंजच आहे. (पुणे)

उत्तर: यची कमाल घ्या, १ वजा करा, क्ष त्याच्या पुढे जाऊ शकत नाही. य [५, २०] असेल तर क्ष जास्तीत जास्त १९. विशेष केस: यची कमाल −१२८ असेल तर १ वजा केल्यावर फिरून १२७ होतं आणि कापायच्या ऐवजी सगळं मोकळं सुटतं. तिथे वजाबाकीच्या आधी रिकामी रेंज द्या, ती ब्रँच मेलेली आहे.

इथे दोन प्रश्न एकसारखे दिसतात आणि लोक त्यांची अदलाबदल करतात. ‘अट खरी असेल तर क्ष कुठे असू शकतो?’ याचं उत्तर १९ पर्यंत. ‘क्ष कुठे असला तर अट नक्कीच खरी?’ याचं उत्तर ४ पर्यंत, कारण य ५ असू शकतो. पहिलं ब्रँचच्या आत रेंज कापायला, दुसरं अटच काढून टाकायला. उलट वापरलंत तर पहिल्या जागी ५ ते १९ मधल्या खऱ्या किमती गळतात, दुसऱ्या जागी खोटी ठरू शकणारी अट तुम्ही कायम खरी करून टाकता. फंक्शनांची नावं लांबलचक झाली तरी चालतील, पण हा फरक नावातच दिसू द्या.

‘क्ष ≠ ५’ मधून फार अपेक्षा ठेवू नका. एका अखंड रेंजमधून ५ काढता येतो तो फक्त कडेवर असेल तर.

प्रश्न: आमच्या फर्मवेअरमध्ये ‘क्ष + १०० < क्ष असेल तर चूक दाखव’ अशी ओव्हरफ्लो तपासणी आहे. क्ष साधा साइन्ड इंट. ऑप्टिमायझेशन चालू केलं की ती नाहीशी होते. हा रेंज विश्लेषणाचा बग का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: बग नाही. सीमध्ये साइन्ड बेरीज ओव्हरफ्लो होणं अव्याख्यायित आहे, त्यामुळे कंपायलर ती होणारच नाही असं धरतो. मग क्ष + १०० हे क्षपेक्षा नेहमी मोठं, अट नेहमी खोटी, ब्रँच मेली. तपासणी बेरजेच्या आधी करा: क्ष हा २१४७४८३६४७ वजा १०० पेक्षा मोठा आहे का ते बघा. किंवा जीसीसी ५ पासून मिळणारी ओव्हरफ्लो सांगणारी बिल्ट-इन फंक्शनं वापरा. सी२३ मध्ये तशीच सोय प्रमाणित झाली आहे. ‘एफ-रॅप-व्ही’ पर्याय देऊन बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार फिरणारे करता येतात, पण मग तो प्रत्येक बिल्डमध्ये विसरता कामा नये.

विश्लेषण लिहिणाऱ्यांसाठी: ओव्हरफ्लो अव्याख्यायित असेल तर बेरजेच्या कडा कमाल-किमानपाशी अडवायच्या, फिरू द्यायच्या नाहीत. अनसाइन्डला किंवा जावाला हाच कोड लावलात तर खऱ्या किमती गळतील.

प्रश्न: लूपमध्ये माझं विश्लेषण थांबतच नाही. [०, ०], मग [०, १], मग [०, २]… (बेळगाव)

उत्तर: तुम्ही लूप प्रत्यक्ष चालवताय, म्हणून. पॅट्रिक आणि राधिया कुझो यांनी १९७७ मध्ये याचं उत्तर मांडलं: रेंज वाढताना दिसली की वाढणारी कड एकदम टोकाला न्यायची, आणि स्थिर झाल्यावर पुन्हा एक-दोन फेऱ्यांत आवळायची. इंटिजर ३२ बिटी धरा. इ शून्यापासून, दरवेळी १ ने वाढ, अट इ < १०००. लूपच्या तोंडाशी रेंज [०, कमाल] होते. अटीमुळे आत [०, ९९९], वाढीनंतर [१, १०००], तोंडाशी परत आल्यावर [०, १०००], बाहेर पडताना नेमका १०००. ही ताणण्याची क्रिया फक्त लूपच्या तोंडाशी करा, प्रत्येक जोडबिंदूवर केलीत तर अचूकता विनाकारण जाते.

अट ‘इ ≠ १०००’ अशी असेल तर हे फसतं. [०, कमाल] मधून मधला १००० काढता येत नाही, त्यामुळे आवळायला काही सापडतच नाही. यावर स्वस्त उपाय: टोकाला उडी मारण्याआधी प्रोग्रॅममध्ये आलेल्या स्थिर संख्यांवर थांबत जायचं. १००० वर थांबलात की तो कडेवर येतो, अटीने कापला जातो, आत [०, ९९९] आणि तोंडाशी [०, १०००] स्थिर होतं.

वाढ २ ने असेल तर ‘इ < १०००’ नंतर बाहेर [१०००, १००१] मिळेल. १००१ कधीच येणार नाही हे रेंजला कळत नाही, शेवटचा बिट शून्य आहे हे वेगळं नोंदवलं तरच कळतं. तेवढी चूक चालवून घ्यायला हरकत नाही, ती मोठ्या बाजूची आहे.

प्रश्न: फ्लोटसाठी तेच इंटिजरचे नियम वापरले तर काय बिघडेल? (बंगळुरू)

उत्तर: दोन गोष्टी, आणि दोन्ही रेंजच्या रेषेवर दिसत नाहीत. पहिली नॅन (‘ही संख्याच नाही’ असं सांगणारी किंमत): ती कुठल्याच कडांच्या मध्ये बसत नाही आणि तिच्याशी कुठलीही लहान-मोठी तुलना खोटी ठरते. म्हणून ‘क्ष < १०’ च्या खोट्या ब्रँचमध्ये ‘क्ष ≥ १०’ असं लिहायचं नाही. ‘क्ष ≥ १० किंवा नॅन’ असं लिहायचं. नॅनची खूण रेंजच्या बरोबरीने वेगळी ठेवा. जीसीसीने १३व्या आवृत्तीत, २०२३ मध्ये, फ्लोटच्या रेंज आणल्या, त्यात नॅनची नोंद तिच्या चिन्हासकट आहे.

दुसरी ऋण शून्य. −० आणि ० तुलनेत सारखे, पण १ भागिले त्यांचं उत्तर एकीकडे ऋण अनंत, एकीकडे धन. क्रोमच्या व्ही८ या जावास्क्रिप्ट इंजिनमध्ये २०१८ साली हेच चुकलं. एक्सपीएम१ या फंक्शनला −० दिलं तर −० च परत येतं, पण प्रकार ठरवणाऱ्या भागात उत्तर ‘साधी संख्या किंवा नॅन’ असं लिहिलं होतं, आणि व्ही८च्या हिशेबात −० साध्या संख्येत मोडत नाही. मग ‘उत्तर −० आहे का?’ ही तुलना ऑप्टिमायझरने कायम खोटी धरली. खोटं म्हणजे ०, ० गुणिले काहीही म्हणजे ०, तो ॲरेचा इंडेक्स, तो नेहमी आत, म्हणून सीमेची तपासणी काढली. प्रत्यक्षात तुलना खरी निघाली आणि इंडेक्स ॲरेच्या बाहेर. पुढे व्ही८ने केवळ अशा अनुमानाच्या जोरावर सीमेची तपासणी समूळ काढणं बंद केलं.

कडा काढताना गोलाई बाहेरच्या दिशेने करा: खालची खाली, वरची वर. साइनसारख्या फंक्शनला डोळे झाकून [−१, १] देऊ नका, गणिताची लायब्ररी शेवटच्या बिटात चुकू शकते.

प्रश्न: शिफ्टचं (बिट सरकवण्याचं) काय? तिथेही कोपरे काढून भागेल? (सोलापूर)

उत्तर: शिफ्टची संख्या रुंदीच्या आत असेल तर बहुतेक वेळा भागेल. जावातला ३२ बिटी १ घ्या आणि डाव्या शिफ्टची संख्या [३०, ३३]. जावा त्या संख्येचे खालचे ५ बिटच बघते, म्हणजे ३०, ३१, ०, १. उत्तरं १०७३७४१८२४, −२१४७४८३६४८, १ आणि २. कोपरे फक्त ३० आणि ३३ चे घेतलेत तर [२, १०७३७४१८२४] येईल, मधले दोन्ही हुकले. संख्या रुंदी ओलांडू शकत असेल तर आधी तिलाच मास्क लावून नवी रेंज काढा. सीमध्ये हीच केस अव्याख्यायित.

प्रश्न: एवढ्या विशेष केसेस बरोबर लिहिल्या आहेत हे तपासायचं कसं? (पुणे)

उत्तर: ८ बिटही फार झाले, ४ बिट घ्या. वर्तुळी रचनेत ४ बिटांच्या फक्त २४२ रेंज असतात: १६ गुणिले १५ साध्या, अधिक रिकामी आणि पूर्ण. त्यांच्या सगळ्या जोड्या, आणि प्रत्येक जोडीतल्या सगळ्या किमतींच्या जोड्या मिळून एका क्रियेसाठी ३७,४८,०९६ हिशेब. लॅपटॉपला याचं काहीच वाटत नाही. एलएलव्हीएमच्या चाचण्याही रेंजसाठी ४ बिटांवर असं सगळं गिरवून काढतात. प्रत्येक खरं उत्तर तुमच्या रेंजमध्ये आहे ना, हे आधी बघा; तिथे एकही अपवाद चालत नाही. मग रेंज शक्य तेवढी लहान आहे का ते बघा, पण सारख्याच आकाराच्या दोन रेंज बरोबर असू शकतात, म्हणून कडा न जुळवता आकार जुळवा. −८ भागिले −१ ची जोडी इथे आपोआप सापडते.

या चाचणीतून निसटतात ते दोन हिशेबांच्या मधले बग. ईबीपीएफचा तपासनीस एकाच रजिस्टरसाठी ६४ बिटी आणि ३२ बिटी, साइन्ड आणि अनसाइन्ड अशा रेंज, शिवाय कुठला बिट नक्की माहीत आहे याची नोंद ठेवतो. सीव्हीई-२०२१-३४९० या नोंदलेल्या सुरक्षा-त्रुटीमध्ये अँड, ऑर, एक्सऑरच्या ३२ बिटी फंक्शनांत अशी वाट होती: दोन्ही बाजूंचे खालचे ३२ बिट माहीत असतील तर लगेच परत जा, ६४ बिटी फंक्शन बघून घेईल. ते फंक्शन मात्र सगळे ६४ बिट माहीत असतील तरच बघायचं. मधली केस कुणाचीच राहिली नाही, ३२ बिटांच्या कडा जुन्याच उरल्या, आणि पुढे किमान कमालपेक्षा मोठं झालं. तुमच्याकडे असे दोन थर असतील तर चाचणीत ४ बिट म्हणजे पूर्ण रजिस्टर आणि त्यातले खालचे २ बिट म्हणजे अर्धं रजिस्टर असं धरा, दोन्हींच्या रेंज एकत्र चालवा, आणि फिरणारी रचना नसेल तर प्रत्येक क्रियेनंतर ‘रेंज रिकामी नसेल तर किमान ≤ कमाल’ हा असर्ट रिलीज बिल्डमध्येही चालू ठेवा.